डॉक्टरांचे कान

त्या रविवारी डॉक्टर केबल घेऊन आले ती लाकडी पेटीतून. पेटीत मखमल, मखमलीवर स्पीकरच्या दोन जाड निळ्या केबली, टोकांना सोनेरी प्लग. किंमत त्यांनी हळू आवाजात सांगितली. माझ्या अँप्लिफायरपेक्षा ती जास्त होती.

सदाशिव पेठेत माझ्या घरी नऊ वर्षं रविवारची ही गाणं ऐकायची बैठक चालते. चार-पाच जण येतात, कुणी रेकॉर्ड आणतं, कुणी नवीन काही घेतलं असेल तर ते, आणि दुपारचं जेवण गार होईपर्यंत वाद चालतो. त्यात काका म्हणजे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. केबलचे जॉइंट मारण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली. ते पेटीकडे बघून म्हणाले, "डॉक्टर, वायर शेवटी तांब्याचीच ना?"

"तांब्याचीच, पण शुद्धतेत फरक असतो काका. तुम्ही ऐका तर खरं."

माझ्या स्पीकरला बुधवार पेठेतून आणलेली साधी अडीच एमएमची वायर होती. काकांनी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. स्पीकर चार मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन आठ मीटर तांबं. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याचा रोध किलोमीटरला साधारण साडेसात ओहम. आठ मीटरला ०.०६ ओहम. स्पीकर आठ ओहमचा. "एक टक्काही नाही रे. जिथे वायर बारीक आणि लांब, तिथे मी स्वतः बदलायला सांगीन. इथे कानाला काय कळणार?"

डॉक्टर चिडले नाहीत, परीक्षा घ्या म्हणाले. मग आम्ही रॅकपुढे चादर बांधली. मी मागे बसलो, काका नाणं उडवून खुणेने सांगत कुठली वायर लावायची ते. दर खेपेला अँप्लिफायर बंद करायचा, वायर जोडायची, आवाजाच्या बटणाला हात लावायचा नाही, आणि सीडीवरचा भीमसेन जोशींचा तोच अर्ध्या मिनिटाचा तुकडा लावायचा. वायर तीच राहिली तरी काढून परत जोडायची, म्हणजे खुडबुडीवरून अंदाज लागायला नको. असं दहा वेळा केलं. डॉक्टर डोळे मिटून ऐकत आणि कागदावर लिहीत. चादर सोडली, कागद जुळवले, दहापैकी पाच बरोबर निघाले. नुसतं नाणं उडवलं असतं तरी साधारण एवढेच आले असते.

कुणी काही बोललं नाही. काकासुद्धा नाही. डॉक्टरांनी केबल पेटीत ठेवली, झाकण लावलं. त्या माणसाने ही केबल घ्यायला दोन वर्षं पैसे बाजूला टाकले होते, ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. मला फार वाईट वाटलं. विषय बदलावा म्हणून मी जुन्या बाजारातून आणलेल्या माझ्या ७८ आरपीएमच्या रेकॉर्डी काढल्या आणि केसरबाई केरकरांची तबकडी लावली.

माझ्या ७८च्या रेकॉर्डी आम्ही नेहमी खरखरीसकट ऐकायचो. पागोळ्यांमागून कुणी गात असावं तसं ऐकू यायचं, आणि जुनं म्हटल्यावर असंच असणार असं मी धरून चाललो होतो. पाऊण मिनिट झालं असेल, डॉक्टर उठून टर्नटेबलजवळ आले. वाकून सुईकडे बघत राहिले.

"ही खरखर तबकडीची नाही," ते म्हणाले. "आवाज खाचेच्या भिंतीला घासून येत नाहीये, तळातून येतोय. तुम्ही एलपीची सुई लावलीय का?"

तीच लावली होती. चार वर्षं मी तीच लावत होतो.

एलपीची खाच बारीक असते, तिच्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण १८ मायक्रॉन. ७८ची खाच रुंद, तिला ७५ मायक्रॉनच्या आसपासची सुई लागते. बारीक सुई रुंद खाचेत थेट तळाला जाते आणि तिथे साठलेल्या धुळीतून खडखडत फिरते. गाणं मात्र कोरलेलं असतं बाजूच्या भिंतींवर. चावीच्या ग्रामोफोनला दर बाजूला नवी पोलादी सुई लावायची असे, पुष्कळ घरांत ती लावली जात नसे, आणि त्या झिजलेल्या सुयांनी घातलेल्या जखमाही त्याच भिंतींवर राहतात. योग्य मापाची सुई काही वेळा न झिजलेल्या जागेवर बसते. हे मला वाचूनही कळलं असतं. एका मागच्या चुकीतून तरी मी शहाणं व्हायला हवं होतं. माझ्या आजोबांची एकुलती एक तबकडी मी स्पिरिटने पुसली होती. सुतार चपडा स्पिरिटमध्येच विरघळवतो, आणि चपडा म्हणजे लाख. तबकडीही लाखेचीच. ती कापसावर काळी उतरली. अजून तशीच ठेवली आहे, फेकवत नाही.

पुढच्या रविवारी डॉक्टर खिशातून डबी काढून आले. माझ्या कार्ट्रिजला बसणारी ७८ची सुई. जुनी ओढून काढायची, ही सरकवायची, एवढंच काम. किंमत केबलच्या पंधराव्या हिश्शाइतकीही नव्हती. काकांनी दांड्याचं सुईवरचं वजन काट्यावर चार ग्रॅमला आणलं आणि अँप्लिफायर मोनोवर टाकला. ७८ची रेकॉर्ड मोनोच असते. तिच्यात गाणं आडव्या हालचालीत असतं, मोनो केलं की सुईच्या वरखाली उड्यांची खरखर आपसूक कटते. आदल्या रात्री मी तबकडी डिस्टिल्ड पाण्याने धुऊन वाळवली होती.

केसरबाई गायला लागल्या आणि तानपुरा ऐकू आला. चार वर्षं ती तबकडी माझ्याकडे आहे, तिच्यात तानपुरा आहे हे मला माहीत नव्हतं. तान सुरू होण्याआधी त्यांनी घेतलेला श्वास ऐकू आला. अल्लादियाखाँसाहेबांच्या तालमीतला तो भरदार आकार, गोव्याच्या केरीतून आलेल्या त्या बाईंचा, सरळ खोलीत उभा राहिला. काकांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून मांडीवर ठेवला.

बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपली. डॉक्टर म्हणाले, "हिचीच भैरवी असलेली तबकडी १९७७ साली व्हॉयेजर यानावर गेली. सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची. तिच्यासोबत सुई आणि कार्ट्रिजही ठेवलंय." यान निघालं आणि त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाई गेल्या, हे मी त्यांना सांगितलं. ते नुसते मान हलवत राहिले.

मग त्यांनीच सुई उचलून परत सुरुवातीला ठेवली. तिसऱ्या खेपेला काका उठले आणि त्यांनी पंखा बंद केला.