धूळ, पाणी आणि यतना

बिबवेवाडी, मार्केट यार्ड, सॅलिसबरी पार्क या पुण्याच्या भागांतील सोसायट्यांमध्ये पहाटे, देरासरात पक्षालाची तयारी सुरू असते त्याच सुमारास, गाड्या पुसणारी मुले कामाला लागतात. एका हातात बादली, दुसऱ्या हातात फडके. मालक दुकानाला निघण्यापूर्वी ओळीने उभ्या असलेल्या साऱ्या गाड्या चकचकीत दिसल्या पाहिजेत, एवढीच अपेक्षा असते. पहिल्या गाडीच्या वेळी बादलीतील पाणी नितळ असते. आठव्या-दहाव्या गाडीपर्यंत त्याला चहाचा रंग येतो. फडके मात्र तेच असते.

अशाच एका सोसायटीतील भुसार मालाच्या व्यापारी कुटुंबाने अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर काळ्या रंगाची नवी गाडी घेतली. घरातील सुनेने बोनेटवर कुंकवाचा साथिया काढला, बाबूजींनी नवकार म्हटला आणि गाडी घरची झाली. चातुर्मासात, पर्युषणाच्या काही दिवस आधी, पावसाने उघडीप दिलेल्या एका दुपारी धाकट्या मुलाचे लक्ष बोनेटकडे गेले. उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या असंख्य बारीक रेषा चमकत होत्या. संध्याकाळी घरात चर्चा झाली आणि दोष सरळ गाडी पुसणाऱ्या मुलावर आला. त्याचा महिन्याचा पगार कापावा, असे जवळपास ठरलेही.

बाबूजी एवढेच म्हणाले, "कापायचा तर कापा. पण आधी एक दिवस त्याचं काम बघू या."

दुसऱ्या दिवशी पहाटे ते खाली जाऊन बसले. त्या मुलाकडे चोवीस गाड्या होत्या आणि दोन तास होते. एका गाडीला पाच मिनिटे. काळ्या गाडीवर रात्रभराची धूळ बसली होती. त्याने ओले फडके पिळले आणि त्या धुळीवरूनच गोल गोल फिरवले. "पाणी बदलत का नाहीस?" या प्रश्नावर तो म्हणाला, "बाबूजी, नळ पार त्या टोकाला आहे. प्रत्येक गाडीला जाऊन यायचं म्हटलं तर निम्म्या गाड्या राहतील. आणि गाडी पुसलेली दिसली नाही की लगेच फोन येतो."

रंग कसा खराब होतो, याचे उत्तर त्या धुळीत आहे. पुण्याची जमीन दख्खनच्या लाव्ह्याची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला हा काळा बेसाल्ट आज खडी होऊन, चुरा होऊन, बांधकामाची वाळू होऊन शहरभर उडत असतो. या दगडातील स्फटिक साध्या लोखंडापेक्षाही कठीण असतात. त्यांच्या तुलनेत गाडीचा रंग फारच मऊ. पूर्वीच्या फियाट आणि ॲम्बॅसेडर गाड्यांना पॉलिश करताना कापडावर रंगच उतरत असे, कारण वरचा थर रंगाचाच होता. आजच्या गाडीला रंगावर एक पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. सारी चमक या थराची. त्याची जाडी साधारणपणे चाळीस-पन्नास मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी. धुळीचा कण फडक्याखाली दाबला गेला की तो या थरावर रेघ ओढतो. असे चार महिने रोज झाले, तर काळ्या रंगावर जाळे दिसणारच. पांढऱ्या गाडीवरही ते पडते; फक्त नजरेला येत नाही.

यातून निघणारी गोष्ट अनेकांना पटत नाही, पण ती खरी आहे. साधी कोरडी धूळ गाडीवर चार दिवस पडून राहिली तर रंगाचे फारसे काही बिघडत नाही. ती घाईने घासल्याने बिघडते. याला अपवाद पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक. ते साचू देऊ नयेत. त्यावर ओले कापड दहा मिनिटे ठेवून, मऊ झाल्यावर न घासता उचलून घ्यावेत.

जैन घराला हे नव्याने सांगायला नको. साधु-साध्वी ओघ्याने जमीन पुंजतात, दिगंबर मुनी मोरपिसांची पिंछी वापरतात. दोन्ही साधने मऊ, आणि दोन्हींची रीत एकच: आधी हळुवारपणे बाजूला करणे, मग स्पर्श करणे. चालणे, बसणे, खाणे, बोलणे, सारे यतनेने करावे, असे दशवैकालिक सूत्र सांगते. गाडी धुण्याची योग्य पद्धतही याच क्रमाने जाते.

गाडी सावलीत उभी करावी आणि पत्रा थंड होऊ द्यावा. तापलेल्या पत्र्यावर साबण लगेच वाळून डाग पडतात. प्रथम हात न लावता झारीने वरून खाली पाणी सोडावे, म्हणजे सुटी धूळ आपोआप वाहून जाते. नंतर दोन बादल्या घ्याव्यात: एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधे पाणी. भांड्यांचा साबण वापरू नये, तो मेणाचा संरक्षक थरही काढून टाकतो. मायक्रोफायबरचा जाड हातमोजा शाम्पूत बुडवून एक भाग धुवावा, मग तो साध्या पाण्यात खळबळून, पिळून पुन्हा शाम्पूत घालावा. घाण साध्या पाण्याच्या बादलीत राहते, गाडीवर परत जात नाही. हात सरळ रेषेत चालवावा, जोर देऊ नये. टपापासून सुरुवात करून दारांचा खालचा भाग शेवटी घ्यावा. चाकांचे कापड कायमचे वेगळे ठेवावे, कारण तिथे ब्रेकचा लोखंडी भुगा असतो. जमिनीवर पडलेले कापड धुतल्याशिवाय पुन्हा गाडीला लावू नये. शेवटी स्वच्छ पाणी सोडून मऊ कापडाने पाणी टिपून घ्यावे. बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी तसेच वाळू दिले तर क्षारांचे पांढरे ठिपके उरतात.

खरेदी करतानाही थोडी चौकशी करावी. गाडी टिपण्यासाठी वापरले जाणारे शॅमॉय मुळात मेंढी-बकरीचे कातडे असते. काही ब्रश डुकराच्या केसांचे असतात, काही पॉलिशमध्ये मधमाश्यांचे मेण असते. याला सोपे पर्याय आहेत: मायक्रोफायबरचे कापड, नायलॉनचा ब्रश आणि ब्राझीलमधील ताडाच्या पानांपासून मिळणारे कार्नोबा मेण. ज्या घरात बिस्किटाच्या पुड्यावरील हिरवा ठिपका पाहिला जातो, त्या घराने ही लेबलेही वाचायला हरकत नाही.

पाण्याचा हिशेब बाबूजींनी वहीत मांडला. रोज पुसूनही सोसायटीतील बरेच जण रविवारी नळी लावून गाडी धूत. नळीतून मिनिटाला दहा लिटर पाणी धरले, तरी दहा मिनिटांत शंभर लिटर होतात. वरील पद्धतीला चार बादल्या, म्हणजे साठ लिटर पुरतात. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांचे पाणी पुण्याच्या नळालाही येते आणि दौंड-इंदापूरच्या शेतालाही जाते. गाळलेल्या पाण्यातील जिवाणी परत विहिरीत सोडणाऱ्यांची नातवंडे अप्कायाच्या जीवांवर पार्किंगमध्ये मोकळी नळी सोडतात, हे शोभत नाही.

दुसरा हिशेब त्या मुलाचा होता. चोवीस गाड्या, प्रत्येकी पाच मिनिटे: दोन तास. सोमवार ते शनिवार रोज चारच गाड्या, प्रत्येकी अर्धा तास: तेवढेच दोन तास. प्रत्येक गाडी आठवड्यातून एकदा नीट धुतली जाईल, मुलाला रविवारची सुटी मिळेल आणि पगारात काही फरक पडणार नाही. बाबूजींनी हा कागद सोसायटीच्या बैठकीत ठेवला. "गाडी रोज पुसलेली हवी" असे म्हणणारे चार जण निघाले; त्यांना दर रविवारी येऊन नव्हे, तर उन्हात उभे राहून आपापले बोनेट पाहण्याची विनंती करण्यात आली. पाहून आल्यावर त्यांतील तिघे तयार झाले.

संवत्सरीच्या दिवशी प्रतिक्रमणाहून परतताना धाकटा मुलगा पार्किंगमध्ये थांबला. नातेवाइकांना, व्यापाऱ्यांना, भागीदारांना क्षमापना करून झाली होती. त्याने त्या मुलाला हाक मारली आणि हात जोडून "मिच्छामि दुक्कडं" म्हटले. मुलाला शब्दांचा अर्थ कळला नाही. पगार कापला जाणार नाही, एवढे मात्र त्याला आधीच कळले होते.

बोनेटवरील जुन्या रेषा अजून आहेत. मशिनने पॉलिश केल्यास त्या दिसेनाशा होतात, पण तसे करताना तो पातळ थर आणखी झिजतो, म्हणून घरच्यांनी त्या तशाच ठेवल्या. नव्या रेषा आता दिसत नाहीत. दसऱ्याला झेंडूचे तोरण तारेऐवजी सुताने बांधले गेले आणि कुंकू दुसऱ्या दिवशी कोरड्या फडक्याने न पुसता पाण्याने उतरवले. ते काम त्या मुलाने केले, आणि त्यासाठी त्याच्याकडे पुरेसा वेळ होता.