कमरेचं हाड पायाला

‘पाय मोडलाय, मग कंबर कशाला कापताय?’ ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी हा प्रश्न येतोच. पेशंट स्वतः गप्प असतो. विचारते त्याची बायको, नाहीतर मेव्हणा. प्रश्न रास्तच आहे. वर्षभरापूर्वी मोटारसायकलवरून पडून नडगीचं हाड मोडलं, रॉड घातला, कुबड्यांवर महिनेच्या महिने गेले, आणि आता डॉक्टर म्हणतात हाड जुळलंच नाही. वर धडधाकट कमरेलाही हात घालणार!

मोडलेलं हाड बहुतेक वेळा आपलं आपण जुळतं. आम्ही फक्त ते सरळ आणि स्थिर धरून ठेवतो, श्रेय मात्र घेतो. नडगीचं नेहमी तसं होत नाही. तिच्या पुढच्या बाजूला हाडावर थेट कातडीच. मांसाचं पांघरूण नाही, म्हणून रक्तपुरवठाही बेताचा. त्यात जखम उघडी असेल, हाडाचा एखादा तुकडा रस्त्यावरच राहिला असेल, तर मधल्या फटीत हाड तयार होण्याऐवजी चिवट, पांढरट ऊतक भरतं. एक्स-रेत दोन्ही टोकं गुळगुळीत दिसतात, आतली पोकळी बंद झालेली असते. तिथे बाहेरून हाड आणून घालावं लागतं, आणि त्यासाठी खुब्याच्या वरच्या कडेइतकी चांगली जागा अंगात दुसरी नाही.

मात्र न जुळलेल्या प्रत्येक हाडाला असा ग्राफ्ट, म्हणजे बाहेरून आणलेलं हाड, लागतो असं नाही. टोकं चांगली जाडजूड फुगली असतील, तर हाड तयार व्हायला उत्सुक आहे, त्याला फक्त स्थैर्य मिळालेलं नाही, असं समजावं. तिथे जाडा रॉड किंवा दणकट प्लेट पुरते. अशा ठिकाणी ग्राफ्ट घालणं म्हणजे पेशंटला फुकटची जखम देणं.

ग्राफ्टची खरी मेहनत ग्राफ्ट घेण्यात नाही, तो जिथे ठेवायचा ती जागा तयार करण्यात आहे. फटीतलं ऊतक खरवडून काढायचं, बंद पोकळी ड्रिलने उघडायची, हाडाची मेलेली टोकं कुरतडत मागे जायचं. कुठवर? हाडातून रक्ताचे बारीक ठिपके फुटेपर्यंत. त्यासाठी रक्त थांबवायला पायाला आवळलेला पट्टा सोडून बघावं लागतं. पांढऱ्या फटफटीत पृष्ठभागावर हळूहळू लाल टिंबं उमटतात, तेव्हा थांबायचं. ती उमटली नाहीत आणि ‘चालेल’ म्हणून कोणी ग्राफ्ट घातला, तर काही महिन्यांनी तो ग्राफ्ट एक्स-रेत विरघळलेला दिसतो.

किती हाड लागेल याचा अंदाज तेव्हाच येतो. मग पायाची जखम झाकायची, हातमोजे बदलायचे, अवजारं वेगळी घ्यायची. पायातले जंतू कमरेत जाता कामा नयेत. खुब्याच्या पुढच्या टोकापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे सरकून छेद घ्यायचा, कारण त्या टोकाजवळून मांडीच्या बाहेरच्या बाजूला जाणारी एक नस जाते. ती दुखावली तर हाड जुळूनही पेशंट मांडी बधिर झाल्याची तक्रार करत राहतो, आणि ती तक्रार खरी असते. छिन्नीचा पहिला ठोका टणक वाजतो. वरचं कवच फुटलं की आवाज बदलतो, बोदा होतो. आतलं जाळीदार हाड गोल धारेच्या छिन्नीने काढायचं. स्टीलच्या वाटीत ते डाळिंबाच्या दाण्यांसारखं दिसतं, ओलं आणि लालभडक. त्यात जिवंत पेशी असतात, म्हणून ते कोरडं पडू द्यायचं नाही, दिव्याच्या उष्णतेत ठेवायचं नाही, पेशंटच्याच रक्तात भिजलेल्या गॉजखाली झाकायचं. त्या वाटीवर एका सिस्टरची नजर असावीच.

हे दाणे पायात गेले की त्यातल्या काही पेशी जगतात, पुष्कळशा मरतात. मेलेलं हाडही वाया जात नाही. त्याच्या जाळीतून नव्या रक्तवाहिन्या शिरतात, जुनं हाड खाल्लं जातं आणि त्या जागी नवं रचलं जातं. शिवाय हाडात आजूबाजूच्या पेशींना ‘हाड बनवा’ असा संदेश देणारी प्रथिनं असतात. अमेरिकेतले मार्शल युरिस्ट यांनी १९६५ साली हे दाखवून दिलं. क्षार काढून टाकलेलं हाड त्यांनी प्राण्यांच्या स्नायूत ठेवलं, तर हाडाचा काही संबंध नसलेल्या त्या जागीही नवं हाड तयार झालं. बाटलीत मिळणाऱ्या कृत्रिम दाण्यांत हाडाचा क्षार असतो. पेशी नसतात आणि संदेशही नसतो. लहान पोकळी भरायला ते ठीक. न जुळलेल्या नडगीत नुसते तेच घालून वर मोठं बिल लावणं मला पटत नाही.

हाड चार-पाच सेंटिमीटर गेलं असेल आणि जागा पुवाने बिघडलेली असेल, तर फ्रान्सचे सर्जन मास्केले यांची १९८०च्या दशकातली युक्ती कामी येते. आमच्यासारख्या जिल्ह्याच्या गावातही ती जमते, कारण तिला लागतं फक्त सांधेबदलात वापरतात ते सिमेंट, आणि धीर. जागा साफ करून त्यात प्रतिजैविक मिसळलेल्या सिमेंटचा गोळा ठेवायचा आणि सहा ते आठ आठवडे थांबायचं. शरीर त्या परक्या वस्तूभोवती एक पातळ पडदा विणतं. मग पडदा जपून चिरायचा, सिमेंट फोडून काढायचं आणि रिकाम्या जागेत कमरेचं हाड भरून पडदा शिवून टाकायचा. या पडद्यात रक्तवाहिन्या असतात, हाडाला पोषक द्रव्यंही तो स्रवतो. आत भरलेलं हाड त्यामुळे विरघळून जात नाही.

आणि तंबाखू. पुडी खिशात, मिश्री बटव्यात. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. हाड जुळायला उशीर होतो, कधी जुळतच नाही. मी स्पष्ट सांगतो की तंबाखू सुटल्याशिवाय कमरेला हात लावणार नाही. बायका मिश्रीचं कबूल करत नाहीत, म्हणून सासूला वेगळं विचारावं लागतं.

पण कमरेचं हाडही संपतं. लहान मुलांत तिथे बरीचशी कूर्चाच असते, त्यामुळे मुलाच्या हाडातली मोठी गाठ काढल्यावर पोकळी भरायला हाड आणायचं कुठून? एकदा सांधा बदललेल्या पेशंटचा सांधा सैल झाला, तर तेव्हाही वाटीभर हाड पुरत नाही. तिथे दुसऱ्या माणसाचं हाड लागतं. मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटलची टिश्यू बँक १९८८पासून आहे. अशा बँकेत दान केलेलं हाड धुऊन, सुकवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून ठेवतात. त्यात जिवंत पेशी उरत नाहीत, म्हणून ते अंगात मुरायला वेळ लागतो, पण सांगाडा म्हणून ते उत्तम काम देतं. अवयवदानाच्या १९९४च्या कायद्यात २०११च्या दुरुस्तीने ऊतकंही आली. नेत्रदान आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. हाडाचंही दान करता येतं हे मात्र सुशिक्षित घरांतही सांगावं लागतं.

ते दान जिवंतपणीही करता येतं. खुब्याचा सांधा बदलताना मांडीच्या हाडाचं गोल डोकं काढावंच लागतं. एरवी ते तसंच कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीतून जाळायला जातं. कावीळ, एचआयव्ही यांसाठी रक्त तपासलं आणि पेशंटने संमती दिली, तर तेच डोकं बँकेत जाऊन दुसऱ्याच्या कामी येतं. देणाऱ्याला जादा छेद नाही, जादा दुखणं नाही. तुमच्या घरात कोणाचा खुबा बदलायचा ठरला असेल, तर ऑपरेशनआधी सर्जनला विचारा की तुमचं हॉस्पिटल हाडांच्या बँकेशी जोडलेलं आहे का. असेल तर फॉर्म मागून घ्या आणि सही करा.