अस्त्राचा उपसंहार

‘ड्रोन’ हा शब्द आतां खेड्यांतील पोरासोरांच्याहि तोंडीं झाला आहे. मूळ इंग्रजींत त्याचा अर्थ नर-मधमाशी असा आहे. १९३५ सालीं इंग्रजांनीं तोफखान्यास नेमबाजी शिकविण्याकरितां वैमानिकावांचून, बिनतारी संदेशानें चालणारें एक विमान तयार केलें व त्यास ‘क्वीन बी’, म्हणजे राणीमाशी, असें नांव दिलें. त्यावरूनच पुढें अशा विमानांस ड्रोन म्हणण्याचा प्रघात पडला असें सांगतात. पोळ्यांतील नर-माशीस नांगी नसते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे हें नांव पुढें किती विसंगत ठरलें तें वेगळें सांगावयास नको.

आमचा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला; यंत्रशास्त्राशीं आमचा संबंध सायकलीपलीकडे कधीं गेला नाहीं. तथापि गेल्या कांहीं वर्षांत हें यंत्र आमच्या सेलूच्या पंचक्रोशींत इतक्या वाटांनीं शिरलें, आणि अखेर आमच्या घरांतहि असा एक प्रश्न घेऊन आलें, कीं त्याविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

प्रथम तें आलें तें मोजणीदार होऊन. ता. २४ एप्रिल २०२० रोजीं केंद्र सरकारनें ‘स्वामित्व’ योजना सुरू केली. पुणें जिल्ह्यांतील पुरंदर तालुक्यांत सोनोरी या गांवीं महाराष्ट्रानें हा प्रयोग त्यापूर्वींच करून पाहिला होता. शेताचा सातबारा प्रत्येकाजवळ असे. परंतु ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या जन्ममृत्यु झाले, त्या गांवठाणांतील घराचा धड नकाशा बहुतेकांजवळ नसे. लोकांनीं आपापल्या हद्दीवर चुन्याच्या रेषा आखावयाच्या, ड्रोननें वरून छायाचित्रें घ्यावयाचीं, आणि चौकशीअंतीं घरधन्यास मिळकत पत्रिका मिळावयाची, अशी ही व्यवस्था आहे. आमच्या मूळ गांवीं चुना पडला तेव्हां, भाऊबंदांतील एका बोळाचा तीस वर्षें निजलेला वाद खडबडून जागा झाला. आकाशांतील यंत्रास भिंत दिसते. ती कोणत्या आजोबांनीं कोणाच्या संमतीनें घातली, हें त्यास दिसत नाहीं. तो निवाडा ओट्यावर बसून, जुन्या मंडळींच्या साक्षीनें, आम्हांसच करावा लागला. नकाशा यंत्रानें काढला, पण त्यावर सही माणसांनाच करावी लागली.

दुसऱ्या खेपेस तें आलें तें शेताच्या बांधावर. कापूस व सोयाबीन हीं आमच्याकडील मुख्य पिकें, आणि दोहोंसहि फवारणी चुकत नाहीं. पाठीवर पंप घेऊन, तोंडास उपरणें गुंडाळून, छातीइतक्या कपाशींतून चालणारा मजूर आम्हीं जन्मभर पाहिला आहे. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत अशाच फवारणींत विषबाधा होऊन विसांहून अधिक शेतकरी व मजूर प्राणांस मुकले. शेंकडों लोक रुग्णालयांत पडले. ड्रोन सुमारें दहा लिटर पाण्यांत एक एकर शेत आठ-दहा मिनिटांत फवारून मोकळा होतो, आणि विषाचा तुषार व मनुष्याचा श्वास यांमध्यें अंतर पडतें. एवढ्या एकाच गुणाकरितां आम्ही या यंत्रास हात जोडूं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठानें या विद्येच्या शिक्षणाचा प्रकल्प चालविला. नोव्हेंबर २०२३ मध्यें केंद्र सरकारनें स्त्रियांच्या १५,००० बचत गटांस ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. किंमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत, परंतु ८ लाख रुपयांच्या मर्यादेंत, साह्य देण्याचें तींत ठरलें. तिकडे पालघर जिल्ह्यांत डिसेंबर २०२१ मध्यें जव्हारहून झाप या गांवीं लशीच्या ३०० मात्रा ड्रोननें पोंचविल्या. सडकेनें जेथें चाळीस मिनिटें लागत, तेथें नऊ-दहा मिनिटें पुरलीं.

मात्र हिशेबाची दुसरी बाजूहि लिहिली पाहिजे. आमच्या परिचयाचा एक वृद्ध मजूर बांधावर उभा राहून तें यंत्र पाहत होता. तो म्हणाला, ‘गुरुजी, ईख लांब गेलं ते बेस झालं, पर मजुरी बी लांब गेली की.’ यावर आमच्यापाशीं तयार उत्तर नव्हतें. फवारणीच्या दिवसांत त्याच्या हातांत पडणारा पैसा कोठून भरून यावयाचा, याचा विचार यंत्र विकत घेणारानें व विकणारानें दोघांनींहि केला पाहिजे.

तिसऱ्या खेपेस तें आलें तें रात्रीं. २०२४ च्या जून-जुलईंत जालना, बीड या आमच्या शेजारच्या जिल्ह्यांतील कित्येक गांवांत रात्रीं आकाशांत ड्रोन फिरतात, अशी हाकाटी उठली. लोक काठ्या घेऊन जागले. विधिमंडळांतहि गोष्ट निघाली. दिवसा शेतांतला ड्रोन दाखवावयास जे मुलांना खांद्यावर घेऊन जात, त्यांनींच रात्रीं तो आवाज ऐकून दारें लावून घेतलीं. यंत्र तेंच होतें. दिवसा तें कोणाच्या हातांत आहे हें दिसत होतें. रात्रीं दिसत नव्हतें. ऑगस्ट २०२१ मध्यें सरकारनें जे नियम केले त्यांचेंहि मर्म हेंच आहे. यंत्राची नोंदणी होऊन त्यास क्रमांक मिळावा. तें कोठें व किती उंच उडावें हें ठरलेलें असावें. आणि अगदीं लहान यंत्रें वगळतां इतरांच्या चालकानें रीतसर शिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवावें. चालक दहावी उत्तीर्ण असावा, एवढी अट आमच्या मॅट्रिकच्या प्रमाणपत्रानें पुरी होते; पण वयाची पासष्ट वर्षांची मर्यादा आम्ही ओलांडली असल्यामुळें हा मान आम्हांस मिळणें नाहीं!

आतां घरांतल्या प्रश्नाकडे वळतों. आमचे ज्येष्ठ बंधु हयात नाहींत. त्यांचा धाकटा मुलगा अभियंता झाला. गतवर्षीं त्यास एकाच महिन्यांत दोन ठिकाणांहून नोकरीचें बोलावणें आलें. एक कारखाना फवारणीचे ड्रोन करणारा, दुसरा सैन्यासाठीं शस्त्रधारी ड्रोन करणारा. आणि दुसरीकडे वेतन अधिक. थोरल्यांच्या वर्षश्राद्धास सर्व मंडळी जमलीं असतां पानें उठल्यावर हा विषय निघाला. वहिनी म्हणाल्या, ‘भाऊजी, ज्या ओंजळीनें यानें वडिलांना तर्पण केलें, त्याच हातांनीं माणसें मारण्याचीं यंत्रें जुळवावयाचीं का?’ मुलगा खालच्या मानेनें म्हणाला, ‘काका, आपण करणें सोडलें म्हणून समोरून येणें थांबणार आहे का?’ मे २०२५ मधील ऑपरेशन सिंदूरची आठवण सर्वांस ताजी होती. त्या मोहिमेंत आपल्या सैन्यानें अशीं अस्त्रें वापरलीं, आणि ८ मेच्या रात्रीं पाकिस्ताननें ३६ ठिकाणीं ३०० ते ४०० ड्रोन धाडिले, असें आपल्या सरकारनें सांगितलें होतें. दोघांचेंहि म्हणणें खरें होतें. म्हणूनच निर्णय कठीण होता.

आम्हांस त्या वेळीं महाभारताचें सौप्तिकपर्व आठवलें. अश्वत्थामा व अर्जुन हे दोघेहि द्रोणाचार्यांचेच शिष्य. दोघांसहि तें घोर अस्त्र ठाऊक होतें. (या नांवाचें ड्रोनशीं असलेलें सादृश्य केवळ योगायोगाचें समजावें.) दोघांचीं अस्त्रें समोरासमोर पेटलीं तेव्हां व्यास व नारद मध्यें उभे राहिले. अर्जुनानें आपलें अस्त्र परत घेतलें. अश्वत्थाम्यास तें साधेना. सोडण्याची विद्या त्यास होती, आवरण्याची नव्हती. तें अस्त्र अखेर पांडवस्त्रियांच्या गर्भांवर जाऊन पडलें. सोडण्यास प्रयोग म्हणतात व आवरण्यास उपसंहार. आमच्या मतें शस्त्रविद्येची खरी परीक्षा या दुसऱ्या अंगांत आहे.

या दृष्टीनें ड्रोनचा इतिहास पाहण्यासारखा आहे. १८४९ सालीं ऑस्ट्रियाच्या फौजेनें व्हेनिस शहरावर बाँब बांधलेले फुगे सोडले. वारा फिरला आणि त्यांतील कांहीं फुगे सोडणारांच्याच बाजूस परत आले! पुढें बिनतारी संदेश आला, उपग्रह आले, आणि हजारों कोसांवरून नेम धरतां येऊं लागला. तरीहि ता. २९ ऑगस्ट २०२१ रोजीं काबूलमध्यें अमेरिकेच्या ड्रोननें केलेल्या हल्ल्यांत दहा निरपराध माणसें मेलीं. त्यांत सात मुलें होतीं. ही चूक होती, असें अमेरिकेच्या सेनाधिकाऱ्यांनीं तीन आठवड्यांच्या आंत कबूल केलें. यंत्राच्या डोळ्यास मोटार दिसली; मोटारींत कोण आहे हें ठरविण्यांत माणसें चुकलीं. याच्या उलट आपल्या नागपुरांत तयार झालेलें ‘नागास्त्र-१’ पाहावें. जून २०२४ मध्यें त्याची १२० नगांची पहिली तुकडी सैन्याच्या स्वाधीन झाली. सुमारें नऊ किलो वजनाचें हें अस्त्र लक्ष्य शोधीत आकाशांत घिरट्या घालतें. लक्ष्य न सांपडल्यास, किंवा मोहीमच रद्द केल्यास, तें माघारीं बोलावून हवाई छत्रीनें सुखरूप खालीं उतरवितां येतें. हें वाचून अर्जुनाची विद्या नव्या रूपानें आली असें आम्हांस वाटलें.

दुसऱ्या दिवशीं मुलानें आम्हांस दुधनेच्या कांठीं नेऊन आपला लहानसा ड्रोन उडवून दाखविला. चार पंखे, त्यांपैकीं दोन उजवीकडे फिरणारे व दोन डावीकडे, म्हणजे यंत्र स्वतःभोंवतीं गरगरत नाहीं. तें बरेंच दूर गेल्यावर त्यानें हातांतील नियंत्रक मुद्दामच बंद केला. क्षणभर आम्ही धास्तावलों. तें यंत्र थोडें वर चढलें, वळलें, आणि जेथून उडालें होतें तेथेंच येऊन उतरलें. संदेश तुटला तर घरीं परतावें, असें त्यास अगोदरच शिकविलेलें असतें. मुलगा म्हणाला, ‘पण काका, शत्रूनें उपग्रहाचा संदेशच बिघडविला तर याला घर सांपडत नाहीं. आतां तर स्वतःच लक्ष्य ओळखणारीं यंत्रें करण्याचे प्रयत्न जगभर चालले आहेत.’

तेव्हां आम्हीं त्यास सांगितलें, ‘तूं सैन्याच्या कामास जा. सीमेवर उभा असलेला जवानहि कोणाचा तरी मुलगा आहे, आणि त्याच्याऐवजीं यंत्र पुढें जात असेल तर तें हवें आहे. परंतु दोन गोष्टी कर. जेथें जाशील तेथें परत बोलाविण्याचें अंग मन लावून शीक. सोडण्याचें शिकावयास पुष्कळ जण मिळतील. आणि मारावें कीं न मारावें हें मनुष्यास न विचारतां यंत्रानेंच ठरवावें, असें काम ज्या दिवशीं तुझ्या पुढ्यांत येईल, त्या दिवशीं राजीनामा लिहून घरीं ये. येथें दोन वेळचें अन्न आहे, आणि कोणी तुला नांवें ठेवणार नाहीं.’ वेतनावर पाणी सोडण्याचा सल्ला देतांना मागें घराचा आधार उभा करणें हें वडीलधाऱ्यांचें काम आहे. नुसत्या उपदेशानें तरुणांचें भागत नाहीं.

मुलगा कामावर रुजू झाला आहे. वहिनींचें समाधान झालें असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. त्याचा दूरध्वनि आला म्हणजे जेवणाखाण्याची चौकशी करून झाल्यावर त्या एवढेंच विचारतात, ‘तें परत आणतां येतें ना रे?’ वाचकांच्या घरांतूनहि उद्यां कोणी ना कोणी या विद्येकडे वळेल. त्याच्या वेतनाची चौकशी सर्वच करतील. हाहि एक प्रश्न कोणीतरी त्यास विचारीत जावा, एवढीच आमची विनंति आहे.