पाठीवरचा पंप आणि ड्रोन

आम्ही हिंगोली जिल्ह्यातले शेतमजूर. पाठीवर पंप घेऊन दुसऱ्याच्या सोयाबीनवर औषध मारण्यात माझी हयात गेली. मुलगी मात्र परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकली. केंद्र सरकार आणि जागतिक बँक यांनी निम्मा-निम्मा खर्च उचलून २०१७-१८ मध्ये राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्प सुरू केला. त्याच अनुदानातून परभणीत डिजिटल शेतीचे केंद्र उभे राहिले. ड्रोन आणि यंत्रमानवाचे प्रशिक्षण सुरू झाले. मुलगी म्हणाली, "बाबा, ड्रोन दहाएक मिनिटांत एकर फवारतो." अंगावरचे विष टळेल, पण रोजीही जाईल. म्हणून आईबापांनो, लेकरांना बारावी विज्ञानाला घाला, सीईटीला बसवा. यंत्र येणारच, ते चालवणारा हात आपल्या घरातला असू द्या.