हिशेबाच्या वहीतलं शिआन

बेळगावात कुणाला 'आम्ही चीनला जातोय' असं सांगितलं की दोनच प्रश्न येतात. 'माल आणायला का?' किंवा 'मुलीला मेडिकलला घातलंय का?' नुसतं बघायला, तेही बीजिंग-शांघाय सोडून शिआन नावाच्या गावाला, सहा दिवसांसाठी, ७४ वर्षांच्या सासऱ्यांना घेऊन, असं म्हटल्यावर समोरचा माणूस जरा गप्पच होतो. मग हळूच विचारतो, "किती खर्च येतो हो?" त्या प्रश्नाचं उत्तर द्यावं म्हणून हे लिहिते आहे. पण नुसते आकडे सांगून ते पुरं होणार नाही. आधी शिआनच का, ते सांगायला हवं.

शिआन म्हणजे जुनं चांगआन, थांग राजवटीची राजधानी. इथूनच ह्युएन त्संग हा बौद्ध भिक्षू इ.स. ६२९ च्या सुमारास, राजाची परवानगी नसताना, पश्चिमेकडे निघाला आणि ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन परतला. मधल्या काळात तो नालंदेत शिकला, हर्षवर्धनाला भेटला आणि ६४१ च्या सुमारास दक्षिणेत आपल्या भागातही येऊन गेला. तेव्हा इथे बदामीच्या चालुक्यांचा दुसरा पुलकेशी राज्य करत होता. ह्युएन त्संगनं या देशाला 'महाराष्ट्र' म्हटलं. इथली माणसं ताठ आणि साधी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, अशा अर्थाचं त्यानं लिहून ठेवलं. त्यानं पाहिलेली राजधानी नेमकी कोणती, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही.

मी मराठी शाळेत हा भाग शिकले तो महाराष्ट्रातल्या लोकांचं वर्णन म्हणून. माझे सासरे बैलहोंगल तालुक्यातल्या कन्नड शाळेत ३३ वर्षं तोच भाग शिकवत आले, तो कन्नड राजाचा गौरव म्हणून. मी त्या घरात सून म्हणून गेले त्या वर्षी आमची पहिली लांबलचक चर्चा झाली ती याच विषयावर. मी इतिहासाची एम.ए., ते इतिहासाचे मास्तर. पाहुणा एकच, त्याची साक्षही एकच. फक्त त्या वेळी घरधनी कोण, यावर दोन पुस्तकं वेगळं बोलत होती. त्यानंतर वीस वर्षं हा आमच्या घरातला लाडका वाद आहे.

मावांनी (मी त्यांना कन्नड पद्धतीनं मावाच म्हणते) आजवर स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. एकदाच बोलता बोलता म्हणाले होते, त्या माणसानं इतक्या लांबून नेलेल्या पोथ्या कुठं ठेवल्या, ते बघायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. ती जागा अजून उभी आहे. शिआनमधला मोठा हंस पॅगोडा ६५२ मध्ये त्या पोथ्यांसाठीच बांधला गेला. पुढे त्याची पुनर्बांधणी झाली. आज तो सात मजली आहे, सुमारे ६४ मीटर उंच, आणि समोरच्या चौकात ह्युएन त्संगचा पुतळा आहे.

गेल्या वर्षी मावांना काचबिंदू असल्याचं निदान झालं. थेंब सुरू आहेत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली टिकवायची. बाजूचं दिसणं हळूहळू कमी होत चाललंय. पेपर अजून वाचतात, पण बाजूनं येणारी स्कूटर त्यांना दिसत नाही. त्या दिवसापासून 'सवडीनं जाऊ' हे वाक्य माझ्या तोंडून निघेनासं झालं.

पैशाचं म्हणाल तर घरात चार लाख बाजूला काढलेले होते, तेही छपरासाठी. आमचं घर कौलारू. बेळगावचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. वासे बदलून सगळं छप्पर नवं करायला गवंड्यानं तीन लाखांच्या वरचा आकडा दिला होता. यजमानांचं म्हणणं सरळ होतं, आधी घर. मावा तर ऐकूनच घेईनात. "यव्वा, सुम्न याक रोक्क हाळ माडतीरि?" पैशाची नासाडी कशाला, एवढंच त्यांचं टुमणं. निकाल दिला तो अत्तींनी, तोही भाकरी थापता थापता. "हंचु मुंदिन वर्षनू सिगताव, कण्णु सिगूदिल्ल." कौलं पुढच्या वर्षीही मिळतील, डोळे मिळणार नाहीत. स्वतः मात्र येणार नाही म्हणाल्या. नातीची बारावी आहे, तिच्यापाशी कुणीतरी हवं, आणि आपल्या वाटणीच्या पैशात स्वयंपाकघरावरची कौलं बदला, असा त्यांचा हुकूम झाला.

त्या रात्री मी दोनशे पानी वही काढली. पहिल्या पानावर एकच ओळ लिहिली, 'तिघं, सहा रात्री, एक शहर, तीन लाखांच्या आत.' यातली 'एक शहर' ही अट सगळ्यात महत्त्वाची ठरली. बीजिंग, शांघाय, शिआन असं सगळं आठ दिवसांत घेतलं तर निम्मा वेळ आणि बराच पैसा गाड्या-विमानांतच जातो, आणि मावांच्या डोळ्यांना रोज नवं हॉटेल, नवा जिना सोसत नाही. एका जागी राहिलं, की तिसऱ्या दिवशी त्यांना खोलीतून फाटकापर्यंतची वाट पायांनीच कळेल.

विमानाचा खर्च सर्वांत मोठा. भारत आणि चीन यांच्यातली थेट विमानं २०२० मध्ये थांबली होती, ती ऑक्टोबर २०२५ पासून पुन्हा सुरू झाली. पण ती ग्वांगझू, शांघाय अशा शहरांसाठी. शिआनला जाताना वाटेत कुठंतरी विमान बदलायचंच, हे धरून चाललेलं बरं. येण्याजाण्याचे माणशी ४२ हजार धरले. व्हिसाबाबत एक सूचना. चीनमध्ये काही देशांच्या प्रवाशांना २४० तासांपर्यंत विनाव्हिसा थांबता येतं, पण त्या यादीत भारत नाही. तेव्हा परदेशी प्रवाशांचे सल्ले वाचून भुलू नये. गंमत म्हणजे, मुंबईच्या चिनी वकिलातीच्या कक्षेत महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही राज्यं येतात. या एका कागदापुरता तरी आपला सीमावाद मिटलेला आहे!

एक युआन म्हणजे साधारण तेरा रुपये. मी वहीत चौदा धरला, म्हणजे भाव चढला तरी छातीत धस्स व्हायला नको. पुढचा हिशेब तिघांचा मिळून असा. विमान १,२६,०००. व्हिसा आणि मुंबईच्या फेऱ्या २१,०००. तिघांची एक खोली, रोज ४५० युआनप्रमाणे सहा रात्री, ३७,८००. जेवणखाण माणशी रोज १२० युआन, म्हणजे ३०,२४०. प्रवेश तिकिटं १०,५००. गावातला प्रवास १२,६००. विमा ९,०००, मावांच्या वयामुळं तो जास्त पडतो, पण या बाबीत काटकसर करायची नाही असं ठरलं. फोनचं सिमकार्ड ४,०००. गरम कपडे आणि औषधं ८,०००. बेरीज २,५९,१४०. त्यावर अडीअडचणीला २६ हजार. एकूण २,८५,१४०. चार लाखांतून उरतात ते स्वयंपाकघर आणि माजघराच्या कौलांना.

ही 'अडीअडचण' घालताना मला ह्युएन त्संगच आठवला. त्याच्या प्रवासाचं अंदाजपत्रक गाओछांगच्या, म्हणजे आजच्या तुर्फानच्या, राजानं मांडलं होतं. सोनं, चांदीची नाणी, रेशमाचे तागे, घोडे, आणि वाटेतल्या राजांना दाखवायला २४ पत्रं. एवढं असूनही परतताना सिंधू नदीत नाव हेलकावली आणि काही पोथ्या वाहून गेल्या. त्यांच्या नकला मिळवण्यासाठी त्याला माणसं पाठवावी लागली. आपण तर साधी माणसं. शंभरामागं दहा रुपये बाजूला ठेवलेले बरे.

तारखा ठरवताना चिनी पंचांग बघावं लागतं. १ ऑक्टोबरपासूनचा आठवडा त्यांच्या राष्ट्रीय सुट्टीचा. तेव्हा सगळा देश रस्त्यावर असतो आणि खोल्यांचे दर चढतात. चिनी नववर्ष आणि मे महिन्याचा पहिला आठवडाही टाळावा. आम्ही ऑक्टोबरची अखेर धरली. थंडी असते, पण सोसवेल अशी. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं, म्हणजे मावांच्या डोळ्यांतल्या थेंबांच्या वेळाही वहीत नव्यानं लिहिल्या.

सहा दिवसांत बघायचं काय? पहिला दिवस विश्रांतीचा. मातीच्या सैनिकांना एक पूर्ण दिवस. ती जागा शहराच्या पूर्वेला, लिंतोंगजवळ. १९७४ मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना हे सैनिक सापडले. ही गोष्ट सांगितली तेव्हा मावांनी पहिला प्रश्न विचारला, "मग विहिरीला पाणी लागलं का?" शेतकऱ्याच्या पोराला तोच प्रश्न पडणार. तिथं तिकीट १२० युआन आणि ते पासपोर्टच्या नावानं आधी काढून ठेवावं लागतं. मेट्रो आणि बसनं स्वस्तात जाता येतं, पण त्या दिवसापुरती गाडी करायची. मिंग काळातला शहराचा तट जवळजवळ पावणेचौदा किलोमीटरचा. तिकीट ५४ युआन. तटावर भाड्यानं सायकली मिळतात. यजमान फेरी मारतील, आम्ही दोघं एका दारापाशी बसू. शान्शी इतिहास संग्रहालय सोमवारी बंद असतं, आणि प्रवेश फुकट असला तरी नोंदणी आधी लागते. पॅगोड्यासाठी दोन सकाळी राखल्या. वर चढायचं वेगळं तिकीट आहे, ते वहीत घातलंच नाही. आतले जिने मावांना झेपणार नाहीत. ते म्हणाले, "पोथ्या वर होत्या, मी खाली बसेन. मास्तर खालीच बरा."

आमचं घर शाकाहारी. तिकडे नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही, रश्श्यात किंवा तेलात ते असू शकतं. चिनी भाषेत निरामिष जेवणाला 'सू' म्हणतात. आम्ही काय खातो आणि काय खात नाही, हे चिनीत छापून घेतलेला कागद तिघांच्या खिशात असेल. बौद्ध मंदिरांच्या आसपास निरामिष खानावळी मिळतात. शिआनचे रुंद शेवयांचे प्रकार प्रसिद्ध आहेत. त्यातल्या एकावर तिखट पसरून वरून कडकडीत तेल ओततात. हे ऐकून अत्ती म्हणाल्या, "म्हणजे फोडणीच की." बरोबर कडक भाकरी आणि शेंगाचटणी आहेच, ती पंधरा दिवस हलत नाही. मात्र दुधाचे पदार्थ आणि ताजी फळं चीनमध्ये नेता येत नाहीत. तेव्हा कुणाला भेट द्यायला म्हणून बेळगावचा कुंदा नेण्याचा बेत रद्द.

रोख पैसे तिथं फारसे चालत नाहीत, चौकातला भाजीवालाही फोनवर पैसे घेतो. तिकडची अलिपे आणि वीचॅट ही अॅप्स आता परदेशी कार्ड जोडून घेतात. एका वेळी २०० युआनपेक्षा जास्त दिले तर तीन टक्के कापले जातात, म्हणून मोठी बिलं शक्यतो तोडून द्यायची. गूगलचे नकाशे तिथं भरवशाचे नाहीत. भाषांतराचं अॅप इथूनच फोनमध्ये उतरवून घ्यायचं. लेकीनं आजोबांच्या फोनवरची अक्षरं मोठी करून दिली आहेत. ते रोज संध्याकाळी 'धन्यवाद' कसं म्हणायचं ते घोकतात.

एक बाब मात्र मावांनी स्वतः वहीत घालायला लावली. "तो इथून तिकडं गेला. आपणही आधी इथलं बघून निघू." म्हणून गेल्या रविवारी ऐहोळेला गेलो. मेगुती टेकडीवरच्या जैन मंदिराच्या भिंतीवर रविकीर्तीचा शिलालेख आहे, इ.स. ६३४ चा. भाषा संस्कृत, लिपी जुनी कन्नड, आणि मजकुरात पुलकेशीच्या ताब्यातले तीन महाराष्ट्रक आणि त्यांतली ९९ हजार गावं. म्हणजे आमचा वीस वर्षांचा वाद त्या दगडानं आधीच कोरून ठेवला होता, दोन्ही बाजूंनी. पायऱ्या चढायला मावांना अर्धा तास लागला. भिंतीपासून हातभर अंतरावर उभं राहून, मान इकडून तिकडं हळू वळवत, त्यांनी ओळखू येतील ती अक्षरं मोठ्यानं वाचली. मी मागून पाठीला हात लावून उभी होते.

पेट्रोल, जेवण आणि शहाळी मिळून ३,१५० रुपये झाले. ते अडीअडचणीतून वळते केले आहेत.