उसनें बाड

दिवाळीपूर्वींच्या साफसफाईंत आमच्या घरीं दरवर्षीं एक लहानसा तंटा होतो. माझ्या कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यांत निळ्या रेक्झिनच्या पुठ्ठ्यांत बांधलेलें एक जाडजूड बाड आहे. त्याच्या कडा पिवळ्या पडल्या आहेत, अक्षर फिकें झालें आहे, आणि कोठें कोठें चहाच्या कपाचीं वर्तुळें उमटलीं आहेत. "हें आतां रद्दींत घालायचं का?" असें सौभाग्यवती विचारते आणि मी "असूं दे" म्हणतों. यापलीकडे हा तंटा कधीं गेला नाहीं. परंतु मी 'असूं दे' कां म्हणतों, हें तिलाही मीं पुरतेपणीं सांगितलेलें नाहीं.

पुस्तकें उसनीं नेऊन परत न करणाऱ्यांविषयीं आपल्याकडे पुष्कळांनीं पुष्कळ लिहिलें आहे. परंतु तीं सारीं गाऱ्हाणीं बहुधा कथा-कादंबऱ्यांचीं. कादंबरी परत आली नाहीं तर कपाटांत एक फट दिसते. तिचें एखादें पान फाटलेलें निघालें तर वाचणाऱ्याची एक संध्याकाळ बिघडते. मी स्थापत्यशास्त्राचा शिक्षक. आमच्या धंद्यांत उसन्या पुस्तकांतून गळालेल्या पानाखालीं पुढें कोणी तरी बिऱ्हाड करून राहतें.

माझे एक चुलते मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यांत ओव्हरसीयर होते. त्यांच्याजवळ मोल्सवर्थचें खिशांत मावणारें सूत्रांचें पुस्तक होतें. हा मोल्सवर्थ एकोणिसाव्या शतकांतला इंग्रज इंजिनिअर; हिंदुस्थानांतल्या रेल्वेंवरही त्यानें काम केलें होतें, आणि १८६० नंतरच्या दशकांत निघालेलें त्याचें तें पुस्तक पुढें दोन-तीन पिढ्यांच्या खिशांत वावरलें. पण चुलत्यांची खरी दौलत म्हणजे त्यांची स्वतःची वही. चुना किती दिवस भिजवावा, मोरीचा उतार किती ठेवावा, कोणत्या गाळ्याला किती जाडीची तुळई लागते, हें सारें तींत पेन्सिलीनें टिपलेलें असे. बदलीचा हुकूम आला कीं नवा ओव्हरसीयर रात्रीं कंदिलाशीं बसून ती वही उतरून घेई, आणि चुलते जेथें जात तेथल्या माणसाची वही ते उतरून घेत. या देवघेवींत पैसा नव्हता, पावती नव्हती. मात्र एक गुण होता, तो मला फार उशिरां कळला: हातानें उतरून घेणारा माणूस प्रत्येक आंकडा एकदां तरी वाचतो.

मी शिकत होतों तेव्हां वह्यांचा काळ संपून संहितांचा काळ आला होता. ज्यांचा या विषयाशीं संबंध नाहीं त्यांच्यासाठीं एवढें सांगितलें पाहिजे कीं, घराच्या स्लॅबांत लोखंडाच्या सळया किती असाव्यात, सिमेंट किती असावें, सळईच्या खालीं काँक्रीटचें आवरण किती जाड असावें, हें इंजिनिअर आपल्या मर्जीनें ठरवीत नाहीं. त्यासाठीं भारतीय मानकें आहेत. काँक्रीटचें मानक म्हणजे आय. एस. ४५६. तें प्रथम १९५३ सालीं निघालें. पुढें १९५७, १९६४, १९७८ आणि २००० या सालीं तें सुधारून पुन्हां छापलें गेलें. मधल्या काळांत निघणारीं दुरुस्तीपत्रें निराळींच. आमच्या वेळीं १९७८ ची आवृत्ति चालू होती. ग्रंथालयांत तिची एक प्रत, तीही कुलपांत. तेथेंच बसून वाचावयाची, बाहेर न्यावयाची नाहीं. स्वतः विकत घेणें वसतिगृहांतल्या मुलाच्या आवाक्याबाहेरचें होतें. म्हणून महाविद्यालयाच्या फाटकासमोरचा झेरॉक्सवाला हाच आमचा खरा ग्रंथपाल. एकानें ग्रंथपालाची मनधरणी करून एका दुपारपुरती प्रत बाहेर काढावयाची, तिच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स निघावयाच्या, आणि पुढचीं पांच वर्षें तीच बाडें एका तुकडीकडून दुसऱ्या तुकडीकडे जावयाचीं.

त्यांतली गंमत आतां आठवली म्हणजे हंसूं येतें. १९८० सालीं निघालेलें एस. पी. १६ नांवाचें एक पुस्तक आहे. खांब आणि तुळया यांचीं गणितें पुन्हां पुन्हां करावीं लागूं नयेत म्हणून त्यांत आलेखच्या आलेख दिले आहेत. एकमेकींना लागून जाणाऱ्या त्या बारीक वक्ररेषा तिसऱ्या-चौथ्या झेरॉक्समध्यें फुगून एकींत एक मिसळून जात. मग खांबांत किती लोखंड घालावयाचें हें ज्याची दृष्टि तीक्ष्ण तो ठरवी. परीक्षेंत एकाच खांबाचीं तीन उत्तरें येत, आणि तपासणारे आमचे गुरुजी तिन्हींना गुण देत; कारण त्यांच्याजवळचा आलेखही आमच्याच झेरॉक्सवाल्याकडचा होता.

हें सारें कायद्याला धरून नव्हतें. मानकांचे हक्क मानक ब्यूरोचे होते आणि आम्ही बिनदिक्कत नकला करीत होतों. परंतु त्याची टोंचणी मला तेव्हांही लागली नाहीं आणि आजही लागत नाहीं. ज्या नियमांवर सर्वांचीं घरें उभीं राहावयाचीं, ते नियम विकत घेतल्यावांचून वाचतांही येऊं नयेत, हें मला कधीं पटलें नाहीं. पुढें हेंच म्हणणें घेऊन कार्ल मालामुद हे अमेरिकन गृहस्थ व दोन भारतीय १९१५ नव्हे, २०१५ च्या डिसेंबरांत दिल्लीच्या उच्च न्यायालयांत गेले. (साल लिहितांना माझी लेखणी एक शतक मागें गेली, पण हा वाद तितका जुना असावयास हवा होता, म्हणून खोडीत नाहीं.) आतां तर ब्यूरोनें आपलीं मानकें विनामूल्य उतरवून घेण्याची सोय केली आहे. मला टोंचणी आहे ती निराळीच.

मी अध्यापक झाल्यावर माझें बाड मींही अनेकांना दिलें. १९९९ सालीं पदवी घेऊन गांवीं परतणाऱ्या एका विद्यार्थ्याला तर मीं तें कायमचेंच देऊन टाकलें. तो रत्नागिरीच्या बाजूचा. खाडीकांठीं त्याचें घर. मुलगा हुशार, हाताचा सरळ, आणि घरची ओढ असलेला. "सर, तिकडे पुस्तकं कुठं मिळणार?" असें तो म्हणाला आणि मीं मोठ्या औदार्यानें निळें बाड त्याच्या हातांत ठेवलें. पहिल्या पानावर आशीर्वाद लिहून सहीसुद्धां केली! वर्षभरानें, २००० सालीं, नवी आवृत्ति निघाली. मीं ती मागविली, वाचली, वर्गांत शिकविली, परीक्षेंत तिच्यावर प्रश्न घातले. पण दिलेल्या बाडांची मला एकदांही आठवण झाली नाहीं. एक पोस्टकार्ड टाकावयास हवें होतें. तें मीं टाकलें नाहीं.

जुन्या आवृत्तींत स्लॅबांतील सळईवर निदान पंधरा मिलिमीटर आवरण सांगितलें होतें. हवा खारी किंवा अन्य प्रकारें घातुक असेल तर तें वाढवावें, असेंही सांगितलें होतें. परंतु तो मजकूर असलेलें पान आमच्या बाडांत नव्हतेंच. झेरॉक्सवाल्याकडून दोन पानें एकदम उलटलीं गेलीं असतील. नव्या आवृत्तीनें हा विषय एका तळटिपेइतका ठेवला नाहीं. हवेच्या पांच प्रती ठरवून प्रत्येकीला आवरण नेमून दिलें: वीस, तीस, पंचेचाळीस, पन्नास आणि पंचाहत्तर मिलिमीटर. समुद्रकांठच्या उघड्या काँक्रीटला पंचेचाळीस, आणि काँक्रीटही एम-३० प्रतीचें. पूर्वीं एम-१५ वर स्लॅब होत असत. या आंकड्यांमागें सबंध देशाचा कडू अनुभव होता. काँक्रीट लोखंडाला गंजूं देत नाहीं, पण खारी हवा त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून हळूहळू आंत झिरपते. ती सळईपर्यंत पोंचली कीं गंज सुरू होतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षां कितीतरी अधिक जागा लागते, आणि ती जागा तो काँक्रीट फोडून मिळवितो. आवरण जितकें जाड, तितकीं त्या घराचीं वर्षें अधिक.

२०१६ च्या मे महिन्यांत त्या विद्यार्थ्याचा मला फोन आला. "सर, एकदां येऊन जाल का?" एवढेंच तो म्हणाला. मी गेलों. घर त्यानें २००३ सालीं स्वतः आंखून, स्वतः उभें राहून बांधलें होतें. मंगळुरी कौलें काढून आईसाठीं पक्का स्लॅब घातला होता. पुढच्या पडवींत झोपाळा. त्या झोपाळ्याच्या वरचा पांटीएवढा तुकडा आठ दिवसांपूर्वीं भर दुपारीं खालीं आला होता. संध्याकाळच्या वेळीं त्याची आई रोज त्याच झोपाळ्यावर बसून शेंगा सोलीत असे. मीं वर पाहिलें. उघड्या पडलेल्या सळया गंजून पापुद्रे सुटलेल्या, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनीं तांबूस ओघळ भिंतीपर्यंत गेलेले. खिशांतली पट्टी काढून मीं आवरण मोजलें. तें पंधरा मिलिमीटर बरोबर होतें. इतकें काटेकोर काम मीं सहसा कोठें पाहिलेलें नाहीं.

"तुमच्याच बाडावरून केलं होतं, सर," तो म्हणाला. त्याच्या स्वरांत ठपका नव्हता. उलट थोडा अभिमानच होता, आणि तोच मला सोसवेना.

इंजिनिअर म्हणून मला हेंही सांगितलें पाहिजे कीं, सारा दोष त्या पंधरा मिलिमीटरांचा नव्हता. वाळू खाडीची होती आणि पुरती धुतलेली नव्हती; काँक्रीट हातानें कालविलेलें, आणि कामकऱ्यांनीं ढकलावयास सोपें जावें म्हणून त्यांत पाणी सढळ घातलेलें. हीं कारणें मीं त्याला त्या सायंकाळीं एकामागून एक सांगितलीं. एक तेवढें सांगितलें नाहीं. त्याची आई मला आग्रहानें वाढीत होती. "मास्तर, तुम्ही आलात, आतां काळजी नाहीं," असें ती म्हणाली आणि घांस माझ्या घशांत अडकला.

रात्रीं अंगणांत खाटा टाकल्या होत्या; घरांत निजावयाचें नाहीं असें मींच बजावलें होतें. अंधारांत सांगणें सोपें जातें. मीं त्याला नव्या आवृत्तीचें, गळालेल्या पानाचें आणि न टाकलेल्या पोस्टकार्डाचें सर्व सांगितलें. तो बराच वेळ कांहींच बोलला नाहीं.

"मला ठाऊक होतं, सर," शेवटीं तो म्हणाला. "रत्नागिरीला एका ऑफिसांत नवं पुस्तक पाहिलं मीं. पण तोंवर स्लॅब पडला होता." आमच्या धंद्यांत स्लॅब ओतला जाण्याला 'स्लॅब पडला' असेंच म्हणतात. त्याही स्थितींत आम्हां दोघांना त्या शब्दाचें हंसूं आलें.

"मग मला कळवलं कां नाहींस?"

"तुम्ही सही करून दिलं होतं, सर."

तेरा वर्षें तो त्या छपराखालीं हें ठाऊक असून राहिला होता. दर पावसाळ्यानंतर शिडी लावून स्लॅबची खालची बाजू हातोडीनें वाजवून पाहात होता. मला वाईट वाटूं नये म्हणून!

दुसऱ्या दिवशीं आम्हीं टेकू लावून घेतले. पडवीचा स्लॅब काढून नवा घालावयाचा, आणि आंतल्या खोल्यांतील सुटलेलें काँक्रीट खरवडून, सळया घासून, जेथें त्या झिजल्या तेथें नव्या जोडून पुन्हां लिंपावयाचें, असें ठरलें. पावसापूर्वीं काम उरकलें. निघतांना त्यानें तें बाड माझ्या पिशवींत घातलें.

त्यानंतर माझ्या शिकविण्यांत एक चमत्कारिक खोड शिरली आहे. आजचीं मुलें सबंध कपाटभर मानकें क्षणांत एकमेकांच्या फोनवर धाडतात. झेरॉक्सवाल्याची त्यांना गरज नाहीं, पान गळण्याचीही भीति नाहीं. पण तींच मुलें १९७८ ची आवृत्तिही तितक्याच आनंदानें धाडतात. किल्लारीचा मुलूख ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटेपर्यंत आमच्या भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत होता. २००२ च्या आवृत्तींत तो पट्टाच रद्द झाला. तो जुना नकाशा अजून मला एखाद्या मुलाच्या प्रकल्पांत सांपडतो, आणि अगदीं स्वच्छ छापलेला सांपडतो. म्हणून कोणी कांहींही दाखविलें कीं मी आधीं विचारतों, "साल कोणतें?" मुलें पाठीमागें मला 'साल कोणतें सर' म्हणतात, असें ऐकतों.

घरीं आल्यावर कित्येक दिवस तें बाड मीं उघडलें नव्हतें. उघडलें तेव्हां दिसलें कीं, प्रत्येक पानाच्या डोक्यावर त्यानें तांबड्या शाईनें 'जुनें' असें लिहिलें होतें. आणि जेथें तें पान नव्हतें तेथें रेघांच्या कागदावर, सुवाच्य अक्षरांत, तें सबंध पान हातानें उतरून काढून डिंकानें चिकटविलेलें होतें. खालीं तारीख होती २००४ सालची.