समुद्रानें सोडलेलें शहर

बोटीच्या प्रवासाचा एक मोठा दोष असा कीं, ज्या गांवांसाठीं आपण घर सोडून निघतों, त्याच गांवांत बोट आपणांस फार थोडा वेळ राहूं देते. रात्रभर समुद्र कापावयाचा, सकाळीं धक्क्यास लागावयाचें, आणि सांज होते न होते तोंच पुन्हां दोर सोडावयाचे! अशा प्रवासास आम्ही या वयांत निघालों तें केवळ मुलीच्या व जांवयाच्या आग्रहावरून. बरोबर आमच्या वहिनी होत्या. थोरल्या बंधूंना जाऊन सहा वर्षें झालीं. वहिनींचें वय आज एकाहत्तर. त्यांनीं प्रथम साफ नकार दिला, मग 'देवांचें कोण करील?' ही अडचण पुढें केली. आणि धाकट्या सूनबाईंनीं देव पत्करतांच निमूटपणें स्वतःसाठीं लोकरीची बंडी विणावयास घेतली.

बेल्जियममधील झेब्रुगे बंदरास आमची बोट लागली तेव्हां मे महिन्याची स्वच्छ, पण बोचरी सकाळ होती. बोटीच्या कचेरीनें नाना सहली योजिल्या होत्या. मुलगी आणि जांवई ब्रुसेल्सच्या सहलीस गेलीं. मला मात्र जवळचें ब्रूज पाहावयाचें होतें, आणि तेंही कोणा मार्गदर्शकाच्या झेंड्यामागें न धांवतां. यांत एक मेख होती. बोटीनें काढलेल्या सहलीस उशीर झाला तर बोट तिच्यासाठीं थांबते. आपल्या पायांनीं गेलेल्यांसाठीं थांबत नाहीं. पांचच्या आंत परतावें, असें सूचनापत्रांत ठळक अक्षरांनीं छापलें होतें. म्हणून मीं आदल्या रात्रीं बसून घटकापळांचा हिशेब असलेलें एक टिपण तयार केलें. कोठें किती वेळ उभें राहावयाचें, हेंसुद्धां त्यांत होतें. वहिनींना तें वाचून दाखविलें. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही ठरवाल तें."

बंदराच्या आवारांत पायीं हिंडूं देत नाहींत. बसनें फाटकापर्यंत, तेथून ट्रामनें ब्लँकेनबर्ग, व पुढें आगगाडीनें पाऊण-एक घटकेंत ब्रूज, असा आमचा मार्ग होता. ही किनाऱ्याची ट्राम मोठी मौजेची आहे. देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जवळजवळ सदुसष्ट किलोमीटर, ती समुद्राच्या कडेकडेनें धांवते. वहिनींना ती इतकी आवडली कीं, ब्लँकेनबर्गला उतरतांना त्यांनीं एकवार मागें वळून पाहिलें.

गाडींत बसल्या बसल्या मीं वहिनींना ब्रूजची हकीकत सांगितली. फ्रेंच आणि इंग्रज लोक याला ब्रूज म्हणतात; खुद्द गांवकरी फ्लेमिश भाषेंत 'ब्रुखे'च्या जवळ जाणारा कांहींसा घशांतला उच्चार करतात. आज हें शहर समुद्रापासून चांगलें दहा-पंधरा किलोमीटर आंत आहे, पण एके काळीं हें उत्तर युरोपचें पेठेचें गांव होतें. इ. स. ११३४ मध्यें मोठें तुफान होऊन समुद्रानें जमीन फोडली व झ्विन नांवाची खाडी तयार झाली. त्या खाडीच्या तोंडून ब्रूजचें दैव आंत आलें. इंग्लंडची लोकर येथें उतरे, फ्लँडर्सचें कापड येथून जाई. व्हेनिस, जिनोआ, फ्लॉरेन्स आणि जर्मन व्यापारी संघ यांच्या पेढ्या येथें होत्या. फान देर ब्यूर्झे नांवाच्या कुटुंबाच्या खाणावळीसमोर हे व्यापारी जमून सौदे करीत. युरोपांतील कित्येक भाषांत शेअरबाजाराला आजही त्या कुटुंबाच्या नांवावरून शब्द आहे. आणि मग तीच खाडी गाळानें भरूं लागली. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मोठीं जहाजें येईनाशीं झालीं. त्यांतच १४८८ सालीं गांवकऱ्यांनीं मॅक्सिमिलियन या राज्यकर्त्यास प्रत्यक्ष कैदेंत ठेविलें. सुटल्यावर त्यानें तो राग विसरला नाहीं. व्यापार अँटवर्पला गेला आणि ब्रूज चारशें वर्षें झोपीं गेलें.

"म्हणजे आपल्या चौलासारखें," वहिनी म्हणाल्या.

ही तुलना मला सुचली नव्हती हें कबूल केलें पाहिजे. आमचें मूळ घर चौलचें. ज्या बंदरांत पंधराव्या शतकांत रशियन प्रवासी निकीतिन उतरला, तेथें आज नारळी-पोफळींच्या वाड्या आहेत आणि खाडींत मचवे. दोन्ही गांवें एकाच शतकांत भरभराटींत होतीं, आणि दोघांचेंही पाणी पुढें त्यांस पारखें झालें. फरक एवढाच कीं, ब्रूजमध्यें घरें विटांचीं होतीं आणि तीं पाडून नवीं बांधण्यापुरता पैसा पुढें कोणाजवळ उरला नाहीं. म्हणून तीं राहिलीं. आज त्या दारिद्र्यानें राखलेल्या घरांचीं छायाचित्रें काढण्यास सारें जग लोटतें! शहराचा जुना भाग २००० सालीं जागतिक वारशांत गणला गेला.

स्टेशनापासून दहा मिनिटांच्या वाटेवर एक पाण्याचा विस्तीर्ण डोह व त्यांत हंस दिसतात. या हंसांची एक दंतकथा आहे. मॅक्सिमिलियनच्या कैदेच्या वेळीं गांवकऱ्यांनीं त्याचा लांखाल्स नांवाचा अधिकारी ठार केला. त्या नांवाचा अर्थ 'लांब मान' असा निघतो. म्हणून 'लांब मानेचे पक्षी कायम पोसा' अशी शिक्षा राजानें गांवास दिली, असें सांगतात. कथा खरी असो वा नसो, हंस मात्र चांगले गुबगुबीत आहेत.

डोहाजवळ पूल ओलांडून एका कमानींतून आंत गेलें कीं, बेगैनहॉफ लागतें. १२४५ सालीं फ्लँडर्सच्या काउंटेस मार्गारेट हिनें स्थापिलेली ही स्त्रियांची वसाहत. मधें उंच झाडांचें हिरवें अंगण, भोंवतीं पांढऱ्या भिंतींचीं लहान लहान घरें, आणि इतकी शांतता कीं, आपल्याच पावलांचा संकोच वाटावा. येथें राहणाऱ्या बेगीन स्त्रिया जोगिणी नव्हत्या. त्या ब्रह्मचर्यानें राहत, प्रार्थना करीत, लोकर विंचरून व शिवण करून पोट भरीत. पण जन्माची शपथ त्यांस नव्हती. स्वतःची मिळकत त्या ठेवूं शकत आणि मनांत आलें तर बाहेर पडून लग्नही करूं शकत. १९२७ पासून येथें बेनेडिक्टाइन पंथाच्या जोगिणी राहतात.

हें मीं सांगत असतां वहिनी एका बांकावर बसल्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "म्हणजे या बायकांना परत जातां येत असे?"

"येत असे."

"आणि शिकलेलें काम त्यांचें त्यांच्याजवळ राही."

मीं टिपण पाहिलें. येथें वीस मिनिटें लिहिलीं होतीं. पस्तीस झालीं होतीं.

पुढचा भाग मी भराभर सांगतों, कारण आम्ही तो भराभरच पाहिला. वाटेंत श्रीमंत व्यापाऱ्यांनीं व धंद्यांच्या संघांनीं म्हाताऱ्यांसाठीं व विधवांसाठीं बांधलेलीं ठेंगणीं धर्मादाय घरें आहेत. दात्याच्या आत्म्यासाठीं प्रार्थना करणें हें तेथल्या रहिवाशांचें भाडें असे, आणि त्यांतील कित्येक घरांत आजही वृद्ध माणसेंच राहतात. 'आमची माता' या नांवाच्या देवळांत मायकेलअँजेलोनें घडविलेली संगमरवरी माता-बालकाची मूर्ति आहे. १७९४ मध्यें फ्रेंचांनीं ती पळविली आणि ती परत आली. १९४४ मध्यें जर्मनांनीं गाद्यांत गुंडाळून पळविली आणि ऑस्ट्रियांतल्या मिठाच्या खाणींतून ती पुन्हां परत आली. तिच्यांतील बालक आईच्या मांडीवर बसलेलें नाहीं. तें खालीं उतरूं पाहत आहे, आणि आईचा हात अजून सुटलेला नाहीं. कालव्यांवरील होडींत बसूं या, असें मीं सुचविलें. वहिनी म्हणाल्या, "आतांच तर पाण्यावरून आलों, भाऊजी!" त्रेऐंशी मीटर उंचीच्या घंटामनोऱ्याच्या तीनशें सहासष्ट पायऱ्या आम्हीं खालूनच मोजल्या, म्हणजे फलकावर वाचल्या. चौकांत बसून डब्यांतला तिखटमिठाचा सांजा खाल्ला तेव्हां वरून सत्तेचाळीस घंटांचा मेळ वाजूं लागला.

आतां टिपणाप्रमाणें व्हॅन आइकचें चित्र पाहावयाचें होतें. हा थोर चितारी १४४१ सालीं याच गांवांत वारला. मी उठलों, तों वहिनींनीं पिशवींतून एक कागद काढून माझ्यापुढें धरला. बोटीवर कोणीतरी ठेवलेलें तें माहितीपत्रक होतें. त्यांत जुन्या लेस-शाळेच्या इमारतींतील संग्रहाचें चित्र होतें, आणि दुपारीं तेथें बायका काम करून दाखवितात असें खालीं लिहिलें होतें. तो कागद चार दिवस त्यांच्या पिशवींत होता.

"आधीं कां नाहीं सांगितलें?" मीं विचारलें.

"तुमच्या टिपणांत नव्हतें," त्या म्हणाल्या.

लेसचें हें घर गांवाच्या पूर्वेकडील गरीब वस्तींत आहे. तिकडे पर्यटकांची गर्दी ओसरते, आणि खिडक्यांत कुंड्या व मांजरें दिसूं लागतात. एकोणिसाव्या शतकांत, ब्रूजचा मोठा भाग धर्मादायावर जगत असतांना, याच गल्ल्यांतील बायका व पोरी दाराशीं बसून उजेड जाईपर्यंत लेस विणीत. डोळे जात, पाठी वांकत, आणि मजुरी मात्र अगदीं तुटपुंजी. आंत एका खोलींत आठ-दहा वृद्ध स्त्रिया बसल्या होत्या. प्रत्येकीपुढें एक घट्ट भरलेली उशी, तिच्यावर टोंचून काढलेला नमुना, नमुन्यावर टांचण्यांचें रान, आणि दोऱ्याला लोंबणाऱ्या लांकडी कांड्या. साध्या पट्टीला थोड्या पुरतात, नाजूक कामाला शेंकडों लागतात. त्यांचा एकमेकींवर आपटण्याचा आवाज दुरून पावसासारखा येतो.

वहिनींचा क्रोशा आमच्या घरांत सर्वत्र आहे. रेडिओवर होता, देव्हाऱ्याला आहे, नातवंडांच्या टोपड्यांना आहे. ही विद्या वेगळी. सुई नाहीं, आंकडा नाहीं, नुसते दोरे एकमेकांवरून घ्यावयाचे. एका बाईनें वहिनींचे डोळे पाहिले व बाजूची खुर्ची ओढली. एकीला फ्लेमिश येत होतें, दुसरीला मराठी. बाईनें चार कांड्या वहिनींच्या हातीं दिल्या. मधल्या दोन, डावी उजवीवरून. मग प्रत्येक जोडीची उजवी डावीवरून. झालें! सारी लेस या दोन हालचालींची आहे. वहिनींनीं एकदां चुकविलें, दोनदां चुकविलें, आणि मग त्यांचीं बोटें चालूं लागलीं.

मी घड्याळ पाहत उभा होतों. अडीचला निघावयाचें होतें. अडीच झाले, पावणेतीन झाले. मीं पुढें होऊन "वहिनी" म्हणावयास तोंड उघडलें, आणि मला आमची माजघरांतली एक जुनी बैठक आठवली. शिवणकर्तनाच्या परीक्षेसाठीं वहिनींना सहा महिने मुंबईस जावयाचें होतें. फीसुद्धां त्यांच्या माहेरून येणार होती. आई आजारी, आणि माझें बी. ए. चें वर्ष. 'घर कोण पाहील? याचें जेवणखाण कोण करील?' असें म्हणून वडिलांनीं तो विषय मिटविला. त्या बैठकींत मीही होतों. मला कोणीं विचारलें नाहीं हें खरें; पण मीं तोंड उघडलें नाहीं हेंही खरें. वहिनींनीं त्या रात्रीं मला नेहमीप्रमाणें वाढलें.

मी परत भिंतीशीं जाऊन उभा राहिलों.

सव्वातीनला वहिनी आपण होऊन उठल्या. बोटाएवढी एक पट्टी झाली होती. ती बाईनें कापून त्यांच्या तळहातावर ठेविली आणि पैसे घेतले नाहींत. दुकानांत हातची खरी लेस वहिनींच्या रुमालांतील साठ युरोंत बसेना, आणि यंत्राची त्यांना नको होती. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "उशीर झाला ना, भाऊजी? तुमचें चित्र राहिलें."

बसनें स्टेशनावर पोहोंचलों तों आमच्या डोळ्यांदेखत ब्लँकेनबर्गची गाडी सुटली. पुढच्या गाडीनें, मग ट्रामनें, मग बंदराच्या बसनें पांचच्या आंत पोहोंचणें कठीण दिसत होतें. फोनवरचा नकाशा मला तेंच पुन्हां पुन्हां सांगत होता. माझ्याजवळचे युरो संपत आले होते आणि कार्ड बोटीवरच्या पेटींत होतें. कारण माझ्या टिपणांत खर्चाचाही हिशेब होता! वहिनींनीं रुमालाची गांठ सोडली आणि स्टेशनाबाहेरच्या टॅक्सीकडे बोट केलें. साठ युरो त्या टॅक्सींतच गेले. वाटेंत उजवीकडे एक रुंद, सरळ कालवा दिसत होता. झोपीं गेलेल्या ब्रूजला पुन्हां समुद्राशीं जोडण्यासाठीं हा कालवा व झेब्रुगेचें बंदर खणण्यांत आलें आणि १९०७ सालीं त्याचें उद्घाटन झालें. वहिनींनीं तो पाहिला नाहीं. त्या मुठींतली पट्टी पाहत होत्या.

शिडीपाशीं मुलगी उभी होती. पांचला सात मिनिटें होतीं. "बाबा, काकूला घेऊन इतका उशीर करतात का?" ती म्हणाली. मी उत्तर देणार, इतक्यांत वहिनीच म्हणाल्या, "त्यांना बोलूं नकोस. मी उशीर केला."

रात्रीं जेवणानंतर मी त्यांच्या खोलीवर गेलों. बोट खुल्या समुद्रांत आली होती व थोडी हलत होती. वहिनींनीं बिछान्यावरची उशी मांडीवर घट्ट बांधली होती, तिच्यावर माझें टिपण पालथें टांचलें होतें, आणि भोजनगृहांतून आणलेल्या, कॉफी ढवळण्याच्या चार लांकडी काड्यांना शिवणाचा पांढरा दोरा गुंडाळला होता.

"काड्या हलक्या आहेत," त्या मान वर न करतां म्हणाल्या, "दोरा ताणला जात नाहीं. उद्यां कांहीं जड मिळतें का पाहा."